सुई टोचली तर आधी वेळ बघा

सुई मला टोचली ती रक्त घेताना नाही, घेऊन झाल्यावर. पेशंटच्या दंडाचा पट्टा सोडला, कापूस दाबून धरायला सांगितला आणि हाताच्या सवयीनं सुईवर टोपण चढवायला गेले. टोपणाच्या कडेवरून सुई घसरली आणि डाव्या तर्जनीत शिरली. ग्लोव्ह काढून पाहिलं तर टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका. इंटर्नशिपचा तिसरा आठवडा होता, बाहेर रांग लागली होती. मी नवे ग्लोव्हज घातले आणि पुढचं नाव पुकारलं.

कुणालाच सांगितलं नाही. 'टोपण चढवायचं नाही हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं ना?' हे ऐकून घ्यायची तयारी नव्हती. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सिनियर टेक्निशियन मॅडमनी पाहिलं की मी तेच बोट सारखं दाबतेय. खोदून विचारल्यावर मी सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "किती वाजता टोचली?"

तो प्रश्न मला तेव्हा कळला नव्हता. सुई टोचल्यावर एचआयव्ही टाळण्यासाठी जी औषधं देतात, ती जितक्या लवकर सुरू होतील तितकी बरी, शक्यतो पहिल्या काही तासांतच. ७२ तास उलटून गेले की ती सुरू करण्यात सहसा अर्थ राहत नाही. सुरू केली तर २८ दिवस घ्यायची. माझे चोवीस तासांहून जास्त नुसते लाजेपायी गेले होते. पेशंटचे रिपोर्ट निगेटिव्ह आले म्हणून मी सुटले. पण ते रिपोर्ट येईपर्यंतचा वेळ मी विसरलेले नाही, आणि या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी हाच प्रसंग आधी सांगते.

आता नेमकं काय करायचं ते. ग्लोव्ह काढा, वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, जखमेवर हायपो (जंतू मारायचं ब्लीचचं द्रावण, सोडियम हायपोक्लोराइट) ओतू नका. त्यानं आतली कातडी भाजते, फायदा काहीच होत नाही. डोळ्यात रक्त उडालं तर पापण्या उघड्या धरून साधारण १५ मिनिटं पाण्याचा हबका मारत राहा. घड्याळ बघा, वेळ लिहून ठेवा. हातातलं काम तिथंच सोडून वरिष्ठांना गाठा. सुई कोणत्या पेशंटची होती हे सांगता आलं तर पुढचा अर्धा गोंधळ टळतो. तुमचंही रक्त त्याच दिवशी तपासायला जायला हवं, कारण नंतरच्या तपासण्यांची तुलना त्या पहिल्या रिपोर्टशीच होते.

नवी मुलं घाबरतात ती एचआयव्हीला. आकडे वेगळं बोलतात. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता हजारात साधारण ३. हिपॅटायटिस बी असेल आणि तुम्ही लस घेतलेली नसेल, तर शंभरात ६ ते ३०. हा विषाणू वाळलेल्या रक्तात, टेबलाच्या कडेवर निदान ७ दिवस टिकतो. आणि याच आजारावर उत्तम लस आहे! पहिला डोस, एका महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. माझे दोनच झाले होते. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लसीनं रक्तात किती प्रतिपिंडं तयार झाली ते मोजणारी तपासणी, करून घ्या. १० mIU/mL किंवा त्याहून जास्त आलं की तुम्ही सुरक्षित. काहींच्या शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होत नाही, त्यांना पुन्हा कोर्स घ्यावा लागतो. म्हणून 'तीन डोस झाले' एवढ्यावर थांबू नका. हिपॅटायटिस सीवर लसच नाही, तिथं न टोचून घेणं हाच उपाय. सुई वापरून झाली की टोपण न लावता थेट शार्प्सच्या, म्हणजे धारदार-टोकदार कचऱ्याच्या डब्यात. डबा हाताच्या अंतरावर हवा, आणि तीन चतुर्थांश भरला की बदलायचा. कोंबून बसवलेल्या डब्यातली वर आलेली सुई हमखास कुणाला तरी टोचते.

या धोक्याचा इतिहास जुना आहे. १८४७ साली व्हिएन्नात याकोब कोलेत्श्का नावाच्या प्राध्यापकांना शवविच्छेदन चालू असताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी लागली आणि त्यातच ते गेले. त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचून त्यांचे डॉक्टर मित्र सेमेलवाइस यांना उमगलं, की बाळंतज्वरानं मरणाऱ्या बायकांमध्येही हेच बदल दिसतात. हात धुण्याचा त्यांचा आग्रह तिथून सुरू झाला.

सुई निदान दिसते. प्रयोगशाळेत मला जास्त भीती वाटते ती न दिसणाऱ्या गोष्टींची. पाइक नावाच्या संशोधकांनी १९७६ मध्ये प्रयोगशाळेत झालेल्या ३,९२१ संसर्गांचा आढावा घेतला, तेव्हा ठळक अपघात आठवणारे पाचात एकही नव्हते. म्हणजे बाकीच्यांना संसर्ग कधी झाला हे कळलंसुद्धा नाही. जोरात पिपेट रिकामा केला, ट्यूबचं झाकण फटकन उघडलं, गरम लूप (जंतू उचलायची तारेची कडी) कल्चरमध्ये, म्हणजे वाढवलेल्या जंतूंमध्ये बुडवला, की बारीक तुषार हवेत जातात. सेंट्रीफ्यूजमध्ये (ट्यूब गरगर फिरवायच्या मशीनमध्ये) ट्यूब फुटल्याचा आवाज आला तर मशीन बंद करा आणि अर्धा तास झाकणाला हात लावू नका. काचा नंतर चिमट्यानं उचला, बोटांनी कधीच नाही.

एक गफलत मी वर्षानुवर्षं पाहतेय. लॅमिनार आणि बायोसेफ्टी कॅबिनेट ही गाळलेल्या हवेत काम करायची कपाटं दिसायला सारखी, म्हणून मुलं दोन्ही एकच समजतात. साध्या लॅमिनारमधली हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. ती सॅम्पलला जपते, तुम्हाला नाही. थुंकीचं सॅम्पल तिथं उघडलं तर जंतू थेट तुमच्या श्वासात! संसर्गजन्य काम क्लास टू बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच करायचं. तिथंही पुढच्या जाळीवर वही किंवा कोपर टेकलं की आत जाणारी हवा अडते आणि संरक्षण जातं.

सॅम्पल सांडलं तर त्यावर कागद टाका, एक टक्क्याचा हायपो कडेकडून आत ओता, निदान १० मिनिटं थांबा, मगच पुसा. हायपो रोज ताजा करा. आणि हायपो घातलेला कचरा ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये) घालू नका, विषारी क्लोरिन सुटतो.

जंतू वाढवलेल्या प्लेटचा वास घेऊन जंतू ओळखायची जुनी सवय अजून काही ठिकाणी शिकवली जाते. कृपा करून शिकू नका. ब्रुसेला हा जंतू असाच नाकातून जातो, आणि प्रयोगशाळेत होणाऱ्या संसर्गांत त्याचं नाव सतत येतं. तो प्लेटवर सावकाश, साध्या दिसणाऱ्या बारीक वसाहतींनी वाढतो, त्यामुळे आपण काय हाताळतोय याची कल्पनाच नसते. वॉर्डात काम करणाऱ्यांनी ब्रुसेलाची शंका असेल तर ती फॉर्मवर लिहावी. त्या एका ओळीनं कल्चर उघड्या टेबलाऐवजी कॅबिनेटमध्ये जातं.

ब्रुसेलाचा ताप संसर्गानंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही येतो. रात्री घाम, सांधेदुखी, थकवा, आणि सगळ्यांना वाटतं साधा व्हायरल. म्हणून लांबलेला ताप असेल तर डॉक्टरांकडे गेल्यावर आधी हे सांगा, की मी प्रयोगशाळेत काम करते, आणि गेल्या काही महिन्यांत अमुक अमुक सॅम्पल माझ्या हातून गेली आहेत. ते आपणहून विचारतीलच असं नाही.