चालताना पोटरी आवळते? चालण्याचा व्यायाम आणि मालीश नीट कशी करावी

चालायला लागलं की थोड्या अंतरावर पोटरी आवळते. उभं राहिलं की दोन-पाच मिनिटांत सुटते. पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा आवळते. दादरच्या रानडे रोडवर असे कितीतरी लोक अधूनमधून मोबाइल काढून उभे राहतात. मेसेज आलेला नसतो, थांबायला फक्त निमित्त हवं असतं. घरी मात्र ‘वय झालं’, ‘वात आहे’, ‘कॅल्शियम कमी झालं असेल’ यातलं काहीतरी ठरतं आणि तेलाची बाटली बाहेर निघते.

असं ठरावीक अंतरावर येणारं दुखणं बऱ्याचदा पायाच्या धमन्यांमुळे असतं. धमन्यांना आतून चरबीचा थर चढतो आणि त्या अरुंद होतात. बसल्या जागी पोटरीला पुरेल एवढं रक्त त्यांतून जातं, पण चालताना पोटरीला त्याच्या कितीतरी पट रक्त लागतं आणि ते पोहोचत नाही. डॉक्टरांच्या भाषेत हा पेरिफेरल आर्टरी डिसीज, चिठ्ठीवर नुसतं ‘पीएडी’. यावर औषधांच्या जोडीने सगळ्यात भरवशाचा उपाय चालणं हाच आहे, आणि तेही दुखेपर्यंत चालणं. मालीश त्याच्या बरीच मागे येते.

आधी दुखणं कोणतं ते ओळखा

पाय दुखण्याची तीन कारणं एकमेकांत फार मिसळतात आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत.

धमनीचं दुखणं चालल्यावरच येतं, चढावर किंवा जिन्यावर लवकर येतं आणि नुसतं उभं राहिलं तरी जातं. मणक्यातली नस दबली असेल तर उभं राहून भागत नाही. बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. असा माणूस मॉलमध्ये ट्रॉलीवर रेलून आरामात तासभर फिरतो आणि बाहेर रस्त्यावर पाच मिनिटांत कुरकुरतो. तिसरं कारण शिरांचं, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स (फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा) वगैरे. त्यात दिवसभर उभं राहून संध्याकाळी पाय जड होतात, घोटे सुजतात आणि पाय उशीवर ठेवले की बरं वाटतं. धमनीच्या दुखण्यात नेमकं उलट होतं. आजार वाढला की रात्री पाय वर घेतल्यावर ठणकतो आणि पलंगावरून खाली सोडल्यावर शांत होतो.

पाऊल गार पडणं, नडगीवरचे केस जाणं, नखं जाड होणं, बोटावरची जखम आठवडे न भरणं या खुणाही बघा. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे नाडी लागते. दोन्ही पायांची चाचपून पाहा, पण वरची लागली नाही म्हणून घाबरू नका. काही धडधाकट माणसांतही ती सापडत नाही.

एबीआय करून घ्या

घोट्याचं ब्लड प्रेशर भागिले दंडाचं ब्लड प्रेशर, एवढा साधा हिशेब म्हणजे एबीआय. सुई नाही, दुखत नाही. ०.९० किंवा त्याहून कमी आकडा आला तर पीएडी आहे असं धरतात, १.०० ते १.४० ठीक. जुना डायबेटिस किंवा किडनीचा आजार असलेल्यांत धमन्या कडक होऊन आकडा १.४० च्या वर जाऊ शकतो. तो ‘छान’ नव्हे, फसवा असतो. त्यांना वेगळी तपासणी लागते. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायनचं लोकमान्य टिळक अशा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ओपीडीला दाखवता येतं. केसपेपरच्या रांगेसाठी सकाळी लवकर निघा.

त्याच वेळी हृदयही तपासून घ्या. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या म्हणजे हृदयाच्याही झालेल्या असण्याची शक्यता बरीच असते, आणि तुम्ही आता रोज जोर लावून चालणार आहात.

बसल्या-झोपल्या पाय दुखत असेल, पावलावर जखम असेल किंवा बोट काळं पडलं असेल तर पुढचा व्यायाम तुमच्यासाठी नाही. आधी व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांचे सर्जन.

चालायचं कसं

जागा सपाट हवी आणि हवं तिथे बसता यायला हवं. या बाबतीत शिवाजी पार्क नशीबवान आहे: मैदानाभोवती एक किलोमीटरहून थोडा जास्त कट्टा, जिथे पाय दुखेल तिथे टेकायची सोय. (गप्पांत रमून पुढची फेरी राहून जाते, हा धोका आहेच.) माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सला बाकं आहेत, मरीन ड्राइव्हला लांबलचक कठडा. उपनगरात राहत असाल तर सोसायटीच्या आवारात दोन खुर्च्या टाकल्या तरी काम होतं.

सुरुवातीला पाच मिनिटं हळू चाला. मग वेग असा धरा की तीन ते पाच मिनिटांत पोटरीत दुखायला लागेल. लागलं की थांबू नका. दुखणं पाच पायऱ्यांत मोजा: एक म्हणजे काहीच नाही, दोन म्हणजे सुरुवात, तीन म्हणजे मध्यम, चार म्हणजे जोरात, पाच म्हणजे पाऊल टाकवत नाही. तीन-चारपर्यंत चालत राहा. तिथे थांबा, बसा, दुखणं पूर्ण जाऊ द्या. अर्धवट गेलं असताना उठू नका. पूर्ण गेलं की पुन्हा चाला. असं चालणं-थांबणं मिळून पहिल्या आठवड्यांत अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीन दिवस, किमान बारा आठवडे. शेवटी पुन्हा पाच मिनिटं हळू.

‘दुखत असताना चाललं तर नुकसान नाही का?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि विचारायलाच हवा. जखम नसलेल्या आणि बसल्यावर न दुखणाऱ्या पायात या दुखण्याने स्नायू खराब होत नाही. उलट तेवढं दुखेपर्यंत चालण्यातच गुण आहे. घरच्या घरी चालण्यावर अमेरिकेत झालेली एक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दुखणार नाही अशा बेताने रमतगमत चालणाऱ्यांना वर्षभरात काही फायदा दिसला नाही, दुखेपर्यंत चालणाऱ्यांचं अंतर वाढलं. संध्याकाळी भाजी आणायला जातो तेवढं चालणं बास, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आठ-दहा मिनिटं सलग चालूनही दुखणं मध्यमावर जात नसेल तर वेग वाढवा, किंवा पुलाचा थोडा चढ घ्या. कॅलेंडरवर रोज एकच आकडा लिहा: दुखणं सुरू होईपर्यंत किती मिनिटं. छातीत दडपण, चक्कर किंवा भलतीच धाप लागली तर त्या दिवशी थांबा आणि डॉक्टरांना सांगा. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखरेची पुडी ठेवा.

जून ते सप्टेंबर रस्ते चालण्यालायक नसतात. तेव्हा चाळीचा लांब व्हरांडा, बिल्डिंगचं पोडियम किंवा पार्किंग वापरा. तेही नसेल तर ओट्याला धरून टाचा वर-खाली करा. पोटरी भरून आली की थांबा, पुन्हा करा. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठबस करणंही चांगलं. गुडघ्यांमुळे चालताच येत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे हाताने फिरवायची सायकल असते. तिनेही चालण्याचं अंतर वाढतं, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी खरं आहे.

मालीश: काय करावं, काय करू नये

मालीशने अडकलेली धमनी उघडत नाही. चौपाटीवरच्या मालीशवाल्याने कितीही खात्रीने सांगितलं तरी नाही. धमनीतला थर हा हाताने दाबून सरकणारा मळ नाही. मग मालीश करायचीच कशाला? दुखतंय म्हणून वर्षानुवर्षं कमी चाललेल्या माणसाची पोटरी आखडते आणि घोटा ताठर होतो. हे मोकळं केलं की पाऊल नीट पडतं आणि चालण्याचा व्यायाम जमू लागतो. मालीशचं काम एवढंच, पण ते उपयोगी आहे.

फिजिओथेरपिस्ट टाच हातात धरून घोट्याचा सांधा हळूहळू सैल करतात, पोटरीच्या आखडलेल्या जागा दाबून सोडवतात. असा माणूस शोधताना महाराष्ट्राच्या भौतिकोपचार परिषदेची नोंदणी आहे का, हे बिनधास्त विचारा.

घरी करायचं असेल तर आडवं व्हा, पाय सरळ ठेवा, उशीवर उंच नको. थोडं साधं तेल घेऊन तळहाताने घोट्याकडून गुडघ्याकडे हलका दाब द्या, पाच-सात मिनिटं. मग घरच्या कोणीतरी टाच धरून पाऊल नडगीच्या दिशेने वाकवावं, अर्धा मिनिट ताण धरावा, सोडावा. असं तीन वेळा. ताण जाणवला पाहिजे, कळ यायला नको. चालायला निघण्याआधी हे केलं तर जास्त बरं.

नातवाला पायावर उभं करून पाय तुडवून घ्यायची सवय कितीही सुखाची असली तरी या आजारात ती बंद. रक्त कमी पोहोचणाऱ्या कातडीला जखम झाली तर ती भरायला महिने लागतात. शेकाचंही तेच. गरम पाण्याची पिशवी किंवा मिठाच्या कढत पाण्याची बादली डायबेटिसच्या बधिर पायाला भाजते आणि ते कळतही नाही. व्हेरिकोजसाठी शेजाऱ्याने घेतलेले घट्ट मोजेही एबीआय न पाहता चढवू नका. धमनीच्या आजारात ते उरलंसुरलं रक्त अडवू शकतात.

एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम आणि दुखरी झाली, विशेषतः लांबचा प्रवास, ऑपरेशन किंवा बरेच दिवस अंथरुणावर पडून राहिल्यानंतर, तर तिला हातच लावू नका. शिरेत गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आधी डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी.

पावलं आणि तंबाखू

रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. वाकता येत नसेल तर आरसा धरा. पावसात चिखल्या झाल्या तर लगेच औषध लावा, ओले बूट दुसऱ्या दिवशी घालू नका. मंगळवारी सिद्धिविनायकाला अनवाणी जायचा नेम असेल तर पायात काहीतरी घालून जा, बाप्पा रागावणार नाही.

सिगरेट-बिडी चालू ठेवून हा व्यायाम करणं म्हणजे अर्धी मेहनत वाया घालवणं. आपल्याकडे तंबाखू विचारली की पुरुष बिडीचं सांगतात, बायका ‘नाही’ म्हणतात आणि मिश्री सांगायची राहते. मिश्रीही तंबाखूच, निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. पंचेचाळिशीच्या आतल्या तंबाखूवाल्या माणसाच्या हातापायांची बोटं दुखत किंवा काळी पडत असतील तर ‘बर्गर’चा आजार असू शकतो. १९०८ मध्ये लिओ बर्गर या डॉक्टरने त्याचं वर्णन केलं. त्यात तंबाखू पूर्ण सोडल्याशिवाय बोटं वाचवणं अवघड.

कधी धावपळ करायची

पाय अचानक पांढरा-गार पडला, भयंकर दुखू लागला, मुंग्या येऊन बधिर झाला किंवा हलेनासा झाला तर मालीश, शेक, ‘सकाळी बघू’ यातलं काहीही नको. १०८ ला फोन करा आणि मोठं रुग्णालय गाठा. अशा पायाला हातात काही तासच असतात.

तीन महिन्यांनी

कॅलेंडरवरचे आकडे बघा. बऱ्याच जणांना दुसऱ्या महिन्यात फरक जाणवायला लागतो. अंतर वाढलं असेल आणि तरीही नव्या एबीआयचा आकडा जुन्याइतकाच आला, तर हिरमुसू नका. व्यायामाने धमनीतला थर विरघळत नाही. स्नायू मिळेल त्या रक्तात जास्त काम करायला शिकतात, रक्तवाहिन्या गरजेला जास्त फुलतात. म्हणूनच चालणं सोडलं की फायदाही ओसरतो. बारा आठवडे नेमाने करून, औषधं घेऊन, तंबाखू सोडूनही कामावर जाणं अवघडच राहिलं असेल, तर ते कॅलेंडर घेऊन व्हॅस्क्युलर सर्जनकडे जा आणि अँजिओप्लास्टी किंवा बायपासबद्दल विचारा. नुसतं ‘पाय दुखतो’ सांगण्यापेक्षा त्या आकड्यांवरून त्यांना निर्णय घेणं सोपं जातं.