चक्रीवादळापूर्वी शिडाची छोटी होडी कशी सुरक्षित करावी

कोकण किनाऱ्यावर वादळाचा धोका पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना असतो. ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी रायगडात धडकलं, ‘फयान’ नोव्हेंबर २००९ मध्ये आलं. मासेमारीच्या होड्या जूनच्या सुमारास ओढून शाकारल्या जातात. हौसेच्या, १८ ते २४ फुटी शिडाच्या होड्या मात्र बऱ्याचदा तेव्हाही खाडीतच असतात.

हवामान खात्याचा ‘सायक्लोन अलर्ट’ साधारण ४८ तास आधी येतो, ‘सायक्लोन वॉर्निंग’ २४ तास आधी. वॉर्निंग येईल तेव्हा तुमचं काम संपलेलं असलं पाहिजे, कारण त्यानंतर लाटांमुळे होडीपर्यंत पोचणंच अवघड होतं.

शक्य असेल तर होडी पाण्याबाहेर काढा. याहून चांगला उपाय नाही. उधाणाचं पाणी पोचणार नाही अशी उंच जागा निवडा आणि माड-पोफळीखाली मुळीच ठेवू नका; ‘निसर्ग’मध्ये बागाच्या बागा आडव्या झाल्या होत्या. ट्रेलरच्या चाकांना अडण लावा, टायरमधली हवा कमी करा, चौकटीखाली लाकडी ठोकळे द्या. नुसती ट्रेलरला बांधलेली होडी ट्रेलरसकट उलटते, म्हणून चारही कोपऱ्यांतून जमिनीत खोल रोवलेल्या खुंट्यांना पट्टे ताणा. तळाचं बूच काढून ठेवा: दोन चौरस मीटरच्या कॉकपिटमध्ये (होडीतल्या बसायच्या खोलगट जागेत) २०० मिलिमीटर पाऊस साचला तर ते ४०० किलो ओझं होतं.

पाण्यातच ठेवावी लागली तर आधी वाऱ्याला अडणारं सगळं उतरवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. मेनसेल (मुख्य शीड), बूम (त्याच्या खालचा आडवा दांडा), छत, सोलर पॅनेल, आउटबोर्ड इंजिन, सगळं घरी न्या. पुढचं शीड नुसतं गुंडाळून ठेवू नका, खाली काढाच. वादळात त्याची एखादी कड सुटते, शीड उलगडतं आणि मग नांगर टिकत नाही. डोलकाठी बिजागरीवर असेल तर आडवी करून बांधा.

जागा अरुंद, वळणाची, चिखलतळ असलेली खाडी असावी. आपल्याकडे वादळात वारा इतका फिरतो की एकाच दिशेचा आडोसा पुरत नाही. वादळ समुद्रातून उत्तरेकडे सरकत असेल तर वारा आग्नेयेकडून सुरू होऊन दक्षिण आणि मग नैऋत्येकडे वळतो. म्हणून दोन नांगर, एकमेकांपासून साधारण ६० अंशांत, जोराचा वारा ज्या बाजूने अपेक्षित आहे त्या बाजूला. दोराची लांबी मोजताना भरतीची खोली, उधाणाची वाढ आणि नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यावरची उंची तिन्ही धरा. ३ + २ + १ असे ६ मीटर झाले तर किमान सातपट, म्हणजे ४२ मीटर. जागा असेल तर ६० सोडा. नांगराजवळ काही मीटर साखळी आणि पुढे १६ मिलिमीटर नायलॉन. शॅकलची (नांगर आणि साखळी जोडणाऱ्या कडीची) पिन तारेने बांधून टाका.

नांगर उत्तम रुतलेला असूनही होड्या जातात, त्या दोर घासून तुटल्यामुळे. ज्या खाचेतून दोर बाहेर पडतो तिथे काही तासांत तो झिजतो. शिवाय नायलॉन ताणला-सुटला की आतून तापतो, त्यामुळे हवा-पाणी न जाणारी घट्ट रबरी नळी चढवली तर उलट नुकसान. अग्निशमनाच्या जुन्या कापडी पाइपचा हातभर तुकडा घ्या, दोन्ही टोकांना भोकं पाडून सुतळीने दोराला बांधा, नाहीतर तो घसरून जातो. छोट्या होड्यांच्या क्लीट, म्हणजे दोर बांधायच्या डेकवरच्या खुंट्या, कमकुवत असतात. खालून जाड पट्टी नसेल तर त्या डेकसकट उपटतात. डोलकाठी कीलपर्यंत (होडीच्या तळाच्या कण्यापर्यंत) गेलेली असेल तर एक दोर तिच्या बुंध्याला घ्या. नुसती डेकवर टेकलेली असेल तर तिला बांधू नका.

समुद्राचं पाणी आत येणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करा. कॉकपिटचे निचऱ्याचे मार्ग मात्र उघडे ठेवा आणि त्यांतला पालापाचोळा काढा. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, नाहीतर तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप मध्यरात्री थांबतो. कागदपत्रं किनाऱ्यावर न्या, सगळ्या गाठींचे फोटो काढा.

मग होडी सोडून या. कोणीही तिच्यावर थांबू नये. आणि वारा एकदम पडला तरी लगेच खाडीकडे धावू नका: वादळाचा डोळा वरून जात असेल, तर थोड्याच वेळात तोच वारा उलट बाजूने येतो.