अर्ध्या तासाचा व्यायाम: या चुका टाळा

बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या शिफ्ट सुटल्या की अनगोळच्या आमच्या जिममध्ये एकच घाई उडते. घड्याळ बघत आलेला माणूस पहिली काट मारतो ती वॉर्मअपला. "अर्धाच तास हाय, थेट बेंचवर बसतो." ही ५ मिनिटं वाचवू नका. दिवसभर लेथसमोर उभं राहून कंबर धरलेली असते. खांदे, कंबर, गुडघे मोकळे करा आणि पहिला सेट नुसत्या रॉडवर मारा. मोठा रॉडच २० किलोचा असतो, पहिल्या सेटला तेवढं पुष्कळ.

काट मारायचीच तर व्यायामांच्या यादीला मारा. दंडाचे चार-चार प्रकार अर्ध्या तासात बसत नाहीत. स्क्वॅट (खांद्यावर रॉड घेऊन बैठक), बेंचप्रेस (बेंचवर उताणं पडून छातीवरून रॉड ढकलणं), रोइंग (वजन पोटाकडे ओढणं) एवढं पुरे. रोइंग ओढताना दंडही कामाला लागतात.

वेळ खरी वाचते ती दोन व्यायामांची जोडी लावण्यात. बेंचप्रेस झाला की लगेच रोइंग: पाठ राबते तोवर छातीला विसावा मिळतो. पण स्क्वॅटला डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं) जोडू नका. गेल्या वर्षी मी जोडला होता. तिसऱ्या फेरीत रॉड उचलताना पाठ वाकली आणि आठ दिवस मोटरसायकलला किक मारता आली नाही. जड स्क्वॅटनंतर २-३ मिनिटं थांबाच. संध्याकाळच्या गर्दीत जोडीतलं एक मशीन हमखास कुणीतरी धरतं. तेव्हा एक बेंच आणि डंबेलची एक जोडी घेऊन कोपरा धरा, दोन्ही व्यायाम तिथंच होतात.

'४ मिनिटांत फिट' म्हणून ताबाता करणारेही बरेच. २० सेकंद पूर्ण ताकद लावा, १० सेकंद थांबा, अशा ८ फेऱ्या. १९९६ सालच्या मूळ जपानी प्रयोगात शारीरिक शिक्षणाचे तरुण विद्यार्थी सायकलवर जीव तोडून पेडल मारत होते, तेही आधी १० मिनिटं वॉर्मअप करून. नवख्याने ३-४ फेऱ्यांवर थांबावं. छातीत दुखलं, गरगरलं तर तिथंच थांबून डॉक्टर गाठा.

उचलायचं वजन वाढतच नसेल तर वही ठेवा. मागच्या खेपेला किती उचललं हे आठवत बसण्यातही वेळ जातो. १० वेळा स्वच्छ उचललं गेलं की पुढच्या खेपेला अडीच किलो वाढवा.

आणि आठवडाभराची भरपाई रविवारी दोन तास घालून करू नका. बुधवार चुकला तर गुरुवारी या.