टाइपरायटरचे रबरी पाय बदलताना

मशीन तहसीलीसमोरच्या टिनाच्या शेडमधली असो की बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आणलेली, विदर्भातला उन्हाळा आधी तिचे पाय खातो. ४५ अंशांच्या तापात जुने रबर कडक होते, चिरते. त्यावर तेल झिरपत राहिले तर ते उलट पाघळते आणि टेबलाला डांबरासारखे चिकटते. मग कॅरेज, म्हणजे कागद धरून आडवा सरकणारा वरचा भाग, ढकलली की अख्खी मशीन सरकते.

ऑफिसच्या मोठ्या मशीनचे वजन साधारण १५ किलो असते, त्यामुळे उचलायला दोघे लागतात. कॅरेज मधोमध आणा, लॉक असेल तर लावा आणि दुहेरी गोधडीवर मशीन पाठीवर टेकवा. पूर्ण उलटी करू नका. सगळा भार कॅरेजवर येतो आणि रिटर्न लिव्हर, म्हणजे ओळ संपली की कॅरेज परत ढकलायचा दांडा, वाकतो.

खालून पाहिल्यावर पाय कोणत्या जातीचा ते कळते. एकात मधोमध स्क्रू आणि वायसर असतो. दुसऱ्यात रबराचीच मान पत्र्याच्या भोकात दाबून बसवलेली असते. स्क्रू गंजला असेल तर तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर थांबा आणि खाचेत घट्ट बसेल असाच पेचकस वापरा. खाच एकदा झिजली की काम दुप्पट होते. निघालेले स्क्रू जपून ठेवा. जुन्या मशीनचे आटे बरेचदा इंची असतात; बाजारातला मिलिमीटरचा स्क्रू दोन फेरे जातो, मग अडतो आणि जोर लावला तर फ्रेमचे आटे कापतो. पाघळलेले रबर बांबूच्या कामटीने खरवडा, उरलेले घासलेटच्या फडक्याने पुसा. थिनर नको, रंग निघतो.

खरा प्रश्न नव्या रबराचा. रबरी चपलेचा तळ कापून लावायचा मोह होतो, पण तो स्पंज आहे; मशीन डुलते आणि काही महिन्यांत तळ चपटा होतो. गॅस शेगडीचे पाय किंवा गाडीच्या पार्टच्या दुकानातले भरीव बुश चालतात. नख दाबल्यावर किंचित खूण उठावी आणि लगेच भरून यावी, इतपत कडक रबर घ्या. उंचीचे माप दबलेल्या जुन्या पायावरून घेऊ नका. चारांपैकी सर्वांत कमी झिजलेला पाय मोजा, आणि नवे चारही एकाच वेळी, एकाच उंचीचे बसवा. पाय ठेंगणा पडला तर स्पेसबारचा दांडा टेबलाला घासतो.

स्क्रूचे डोके रबराच्या तळापासून निदान ३ मिलिमीटर आत राहिले पाहिजे, नाहीतर तेच टेबल ओरखडते. त्याखाली वायसर हवाच. वायसर नसेल तर डोके रबर फाडून आरपार जाते. रबर कडेने फुगू लागले की आवळणे थांबवा. दाबून बसवायची मान साबणाच्या पाण्याने ओली करा. तेल लावाल तर तेच तेल पुढे रबर खाईल.

शेवटी मशीन कडप्प्यावर ठेवून प्रत्येक पायाखालून कागदाची पट्टी ओढून पाहा. जी सहज निघेल, त्या पायात फ्रेम आणि रबराच्या मध्ये एक पातळ वायसर घाला. पेटीतल्या पोर्टेबलला मात्र आधी झाकण लावून बघा; २ मिलिमीटर जास्त उंचीनेही ते बसत नाही. नवे रबर भाराने थोडे दबते, म्हणून पंधरा दिवसांनी चारही स्क्रू पुन्हा अर्धा फेरा आवळा.