इंग्रजीत कारण आणि पुरावा सांगताना या चुका टाळा

कॉलेज रोडला आयल्ट्सचं, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचं, रायटिंग शिकवते मी, बॅच बदलते पण वहीतल्या चुका त्याच. कनेक्टर्सची, म्हणजे वाक्यं जोडणाऱ्या शब्दांची, पीडीएफ रात्रीत पाठ करून येतात सगळे, पण त्या शब्दाच्या पुढे काय यायला हवं ते कोणी बघत नाही.

सगळ्यात घातक म्हणजे रिझल्ट इन आणि रिझल्ट फ्रॉम. माझा एक विद्यार्थी द्राक्ष एक्सपोर्टमध्ये कामाला, पिंपळगावकडचा. कंटेनर पोर्टवर अडकला, उशीर झाला, माल खराब झाला. याने हॉलंडच्या खरेदीदाराला मेल टाकला, "द डॅमेज रिझल्टेड इन द डिले ॲट द पोर्ट". म्हणजे माल आधीच खराब होता आणि त्यामुळे उशीर झाला! समोरून लगेच प्रश्न आला, मग खराब माल भरलात कशाला? तिथे फक्त "फ्रॉम" हवं होतं, एवढ्यासाठी खुलासे देता देता पोरगा मेटाकुटीला आला. तेव्हापासून मी सगळ्यांना वाक्याखाली बाण काढायला लावते, कारणाकडून परिणामाकडे. बाण उजवीकडे गेला तर इन, डावीकडे आला तर फ्रॉम. लीड टू आणि कॉज यांचा बाण कायम उजवीकडे. पोरं कंटाळतात बाण काढायला, पण मी सोडत नाही.

दुसरी, "बिकॉज ऑफ इट वॉज रेनिंग". आपण पावसामुळे पण म्हणतो आणि पाऊस पडल्यामुळे पण म्हणतो, एकच "मुळे" दोन्हीकडे चालतं, म्हणून ही चूक होते. इंग्रजीत पुढे कर्ता-क्रियापद असेल तर नुसतं बिकॉज, नुसतं नाम असेल तर बिकॉज ऑफ द रेन. ड्यू टू, ओइंग टू यांच्यापुढेही नामच.

आता पुरावा. "अकॉर्डिंग टू मी" कृपा करून लिहू नका, अकॉर्डिंग टू नंतर दुसरं कोणीतरी येतं, हवामान खातं, रिपोर्ट, डॉक्टर. स्वतःचं मत असेल तर सरळ आय थिंक. आणि टास्क टूचे, म्हणजे परीक्षेतल्या निबंधाचे, २५० शब्द भरायला "स्टडीज हॅव प्रूव्ह्ड" ठोकून देतात त्याचा मला खरंच राग येतो, कुठली स्टडी, कोणी केली? लासलगावला कांद्याची आवक घटली आणि भाव चढले, एवढ्या आकड्यांवरून लिहायचं तर "द फिगर्स सजेस्ट दॅट लोअर अरायव्हल्स पुश्ड प्राइसेस अप". पावसाने माल भिजला का, साठवणुकीत सडला का हे तपासल्याशिवाय प्रूव्ह म्हणायचा हक्क नाही आपल्याला.

बाकीच्या पटकन सांगते. एव्हिडन्सेस लिहू नका, अ पीस ऑफ एव्हिडन्स म्हणा. डिस्पाइटच्या पुढे ऑफ लावू नका. वाक्य बिकॉजने सुरू केलं की मध्ये सो नको. आणि द रीझन इज नंतर बिकॉज नाही, दॅट लिहा.