दहावीच्या वर्षातील सकारात्मक विचार: या चुका टाळा

पहिल्या चाचणीत बीजगणितात चाळीसपैकी बारा गुण पडले की घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात: "काळजी करू नकोस, सगळे छान होईल" आणि "तू हुशार आहेस, तुला जमेल." त्यांमागची माया खरी असली, तरी मुलाच्या हाती त्यांतून काहीच लागत नाही. निकालाची आधीच खात्री बाळगणे हा सकारात्मक विचार नव्हे. अपयशाचे असे कारण शोधणे, ज्यावर उद्या सकाळी काही करता येईल, हा खरा सकारात्मक विचार.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे "मला गणित जमतच नाही" हे वाक्य. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी दाखवून दिले, की अपयशाचे कारण कायमचे आणि सर्वव्यापी मानणारा माणूस प्रयत्न लवकर सोडतो. म्हणून तपासलेली उत्तरपत्रिका दप्तरात दडवू न देता ती समोर घ्यावी आणि गेलेल्या अठ्ठावीस गुणांची वर्गवारी करावी: सूत्र आठवले नाही, चिन्हाची चूक झाली, वेळ पुरला नाही, की प्रश्नच कळला नाही? चिन्हे चुकत असतील, तर तोंडी गाळलेल्या पायऱ्या कागदावर लिहाव्यात. वेळ पुरत नसेल, तर घड्याळ लावून दोन तासांची पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवावी. प्रश्नच कळत नसेल, तर घरी एकट्याने झगडण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी शिक्षकांना गाठावे. अशी वर्गवारी केली की "गणित" नावाचा डोंगर चार-पाच टेकड्यांत विभागला जातो, आणि त्यांतील एखादी तर आठवड्याभरात चढून होते.

दुसरी चूक कौतुकातली आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांपैकी काहींच्या हुशारीचे, तर काहींच्या मेहनतीचे कौतुक केले होते. मुद्दाम दिलेल्या अवघड प्रश्नांत अपयश आल्यानंतर हुशारीचे कौतुक झालेली मुले पुढच्या सोप्या प्रश्नांतही मागे पडली, तर मेहनतीचे कौतुक झालेल्यांची कामगिरी सुधारली. तरीही "खूप मेहनत केलीस" एवढेच म्हणत राहणेही पुरेसे नाही, कारण चुकीच्या पद्धतीने केलेली मेहनत मुलाला अधिकच खचवते; कौतुक नेमक्या कृतीचे व्हावे.

टेबलासमोर "95 टक्के" अशी चिठ्ठी चिकटवण्याबद्दलही थोडे बोलायला हवे. भिंतीवरच्या सुविचारांशी माझे वैर नाही, परंतु गॅब्रिएल ओटिंगन यांच्या संशोधनानुसार यशाच्या सुखद कल्पनेत नुसते रमल्याने प्रयत्नांचा जोर ओसरतो. चिठ्ठी लावायचीच असेल, तर तीवर अडथळाही लिहावा: "जेवणानंतर मोबाइल हातात आला, तर तो आईकडे देऊन वर्गसमीकरणाची दोन उदाहरणे सोडवीन."

परीक्षेच्या सकाळी "अजिबात घाबरू नकोस" असे बजावणे बहुधा निष्फळ ठरते. धडधडणारी छाती सांगून शांत होत नाही. ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या 2014 मधील प्रयोगांत त्या धडधडीलाच "मला उत्साह वाटतो आहे" असे म्हणणाऱ्यांची कामगिरी शांत होऊ पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. त्याचबरोबर एक-दोन विषय राहिले तरी पुरवणी परीक्षेची संधी असते आणि एटीकेटीने अकरावीत प्रवेश मिळू शकतो, हे परीक्षेपूर्वीच सांगून ठेवावे. "तू नापास होणारच नाहीस" या खोट्या हमीपेक्षा ही खरी माहिती अधिक धीर देते.

मात्र मुलाची झोप आणि भूक दोन आठवडे हरपली असेल, आवडीचा खेळही नकोसा झाला असेल किंवा जगण्याविषयी निराशेची भाषा तोंडी येत असेल, तर "सकारात्मक राहा" हा सल्ला तिथे अपुराच नव्हे, तर घातक ठरतो. अशा वेळी विलंब न लावता समुपदेशकाकडे जावे किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला 14416 या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करावा.