समुद्राच्या ओढीत सापडलात तर

पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं किनाऱ्यावर उभं राहून नुसत्या लाटा बघा. सगळीकडे पांढरा फेस फुटत असताना मधलाच एखादा पट्टा फुटत नाही, गडद किंवा गढूळ दिसतो, आणि त्यावरचा फेस नि काटक्या उलट्या आत निघालेल्या असतात. हीच ओढ, म्हणजे रिप करंट. लाटांनी किनाऱ्याशी आणलेलं पाणी वाळूच्या दांड्यांमधल्या खोलगट वाटेने परत जातं. तिथे लाट फुटत नाही, म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते. पुळणीवर ही वाट बदलत राहते. काल जिथे पोहलात तिथे आज असू शकते. ओहोटीला बहुतेकदा तिचा जोर वाढतो. गोव्यात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहा; नुसता लाल झेंडा असेल तर उतरूच नका.

कमरेएवढ्या पाण्यात पायाखालची वाळू आत सरकू लागली की पाय टेकत असतानाच चालत बाहेर या. पाय सुटले तर एक लक्षात ठेवा: ओढ माणसाला बुडवत नाही, आत नेते. बुडवते ती दमछाक. जोराच्या ओढीत पाणी सेकंदाला दोन मीटरच्या वर धावतं. सराईत पोहणाराही तिच्या उलट टिकत नाही. म्हणून किनाऱ्याकडे झेपावू नका.

आधी पाठीवर तरंगा. छाती हवेने भरा, कान पाण्यात जाऊ द्या, श्वास ताब्यात आला की एक हात वर करून हाका मारा. लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे ओढ सहसा मंदावते. कधी पाणीच फिरून उथळावर आणतं. पोहता येत असेल आणि दम असेल, तर किनाऱ्याला समांतर, फेसाळ पाण्याच्या दिशेने पोहा. तिथे वाळू वर असते. वीसेक हात मारूनही सरकत नसाल तर दिशा उलटी करा, कारण आडवा प्रवाह तुमच्या विरुद्ध असतो. ओढीतून सुटलात की लाटांबरोबर तिरपे बाहेर या.

दुसरा कोणी ओढीत सापडला तर त्याच्यामागे उडी मारू नका. एकाला वाचवताना दोघं जातात ते असंच. जीवरक्षकाला बोलवा, ११२ लावा, दोर, ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेका आणि त्याच्यावरची नजर हटवू नका. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या नि छाती दाबायला लागा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढतो.